३०० जीएसएमचा कागद घेऊनही वॉश डागाळतो, तो का?

तुमचा प्रश्न असा: वॉटरकलरसाठी म्हणून ३०० जीएसएमचा जाड कागद आणला, तरी आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा सलग हात, सपाट बसत नाही, मध्येच कडा उमटतात आणि दुसरा हात दिला की कागदाचा भुगा निघतो. मग या कागदात वेगळं असतं तरी काय?

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. पाण्याने कागदाला किती लाटा येतील, एवढंच त्यावरून कळतं. १९० चा कागद ओला करून बोर्डवर ताणून बसवावा लागतो, ६४० चा जवळजवळ पुठ्ठाच असतो. रंग कसा बसेल ते ठरतं खळीवर आणि तंतूवर.

खळ म्हणजे साइझिंग. ती नसती तर कागद टीपकागदासारखा रंग पिऊन टाकेल. चांगल्या कागदात ती लगद्यातही असते आणि वरूनही दिलेली असते. वरची बहुतेकदा जिलेटिनची. तिच्यामुळे पाणी क्षणभर वर थांबतं, रंग पृष्ठभागाजवळ राहतो आणि वाळल्यावरही तजेलदार दिसतो. दमट जागी पडून राहिलेल्या कागदाची खळ मात्र जागोजागी मरते. कोरडा असताना काही कळत नाही. वॉश फिरवला की तेवढ्याच जागी गडद ठिपके उठतात.

तंतूचं म्हणाल तर १०० टक्के कॉटन एकीकडे आणि लाकडाच्या लगद्याचा, म्हणजे सेल्युलोज कागद दुसरीकडे. कॉटन पाणी सगळीकडे सारखं शोषतो आणि बराच वेळ ओला राहतो, त्यामुळे ओल्यात ओलं, म्हणजे ओल्या कागदावरच ओला रंग सोडायचं, काम करायला सवड मिळते. सेल्युलोजवर एक कड वाळत असते तोवर दुसरीकडे तळं साचलेलं असतं. ते पाणी वाळत्या भागात सरकलं की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग पडतो. तुमच्या कडा बहुधा अशाच आल्यात. भुगा निघतो तोही तंतू आखूड किंवा खळ कमी म्हणूनच. सेल्युलोजची एक सोय मात्र मान्य करायला हवी: रंग वरवर राहत असल्याने तो ओल्या ब्रशने उचलणं सोपं जातं. पण त्याच कारणाने दुसरा थर देताना खालचा सुटतो.

पोत हा आवडीचा भाग. हॉट प्रेस गुळगुळीत, बारीक रेखाटनाला बरा. रफवर कोरडा ब्रश ओढला की उंचवट्यांनाच रंग लागतो, आणि अल्ट्रामरीनसारखा रंग खळग्यांत दाणेदार बसतो. कोल्ड प्रेस मधला. सुरुवातीला तोच घ्या.

कागदावर ‘अ‍ॅसिड-फ्री’, म्हणजे आम्लरहित, असं वाचून तो कॉटन समजू नका. सेल्युलोजही अ‍ॅसिड-फ्री असू शकतो.

नवशिक्यांनी स्वस्त कागदावर हात बसवावा, हा सल्ला मला पटत नाही. चूक हाताची की कागदाची, हेच त्यात कळत नाही. रेखाटन, रंगांच्या पट्ट्या खुशाल सेल्युलोजवर करा. वॉशसाठी मात्र २२ बाय ३० इंचाची एक कॉटन शीट आणून तिचे आठ तुकडे करा आणि पाठपोट दोन्ही बाजू वापरा.