साडूने थार घेतली आणि आमच्या ह्यांची झोप उडाली

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही डिचोली तालुक्यातले. मिस्टर सरकारी नोकरीत, घरी वॅगनआर आहे, जुनी झाली पण एकदम ठीक चालते. गणेश चवथीला माहेरी गेलो तर भावोजी नवी थार घेऊन आलेले, तेव्हापासून ह्यांचं एकच, क्रेटा घ्यायची म्हणजे घ्यायची. १५ लाख लोन काढणार म्हणतात. आमच्या वाड्यातली वाट अशी की समोरून स्कूटर आली तरी एकाने मागे सरायचं. काही बोलले की तुला नाही कळणार म्हणतात. हे नुसतं खूळ की मानसिक काहीतरी?

उत्तर: आजार वगैरे काही नाही हो. तुम्ही चवथ म्हणालात तिथेच सगळं आलं. अख्खं गोत एका अंगणात जमलेलं, कोण कशातून उतरलं ते सगळे बघतात, आणि दोन जावयांची तुलना तोंडाने कोणी करत नाही पण मनात करतात सगळेच. (भावोजींच्या थारचं कौतुक घरी आल्यावर तुम्ही किती वेळा केलंत, तेही जरा आठवा!)

त्यांना मोठी गाडी चालवायची हौस आहे का, हे बघायचं असेल तर म्हणा, चला दोन दिवस रेंटवर घेऊ, चोर्ला घाटात फिरून येऊ. नव्वद टक्के लगेच म्हणतील, काळी प्लेट घेऊन कोण फिरणार, लोक टुरिस्ट समजतील. इंजिन तेच, एसी तोच, पण काळ्या प्लेटवर पिवळे आकडे म्हणजे भाड्याची हे गोव्यात शेंबडं पोरही ओळखतं. ओढ आहे ती पांढऱ्या प्लेटची. रसेल बेल्क या अमेरिकन संशोधकाने १९८८ मध्ये हेच मांडलं की आपल्या वस्तूंना माणूस स्वतःचाच भाग धरून चालतो, गाडीला कोणी ओरखडा काढला की आपलं डोकं सणकतं ते त्यामुळेच.

विकणाऱ्यांना हे कधीपासून माहीत आहे. १९३९ मध्ये अर्नेस्ट डिक्टर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने क्रायस्लरच्या प्लिमथ गाडीसाठी लोकांशी बोलून सांगितलं की पुरुष भुलतात उघड्या टपाच्या गाडीला, पण बायको बरोबर असली की घेतात साधी चार दारांचीच. तेव्हा ह्यांना शोरूमला एकटं पाठवू नका, तुम्ही जाच.

हिशेब म्हणाल तर १५ लाख, ७ वर्षं, समजा ९ टक्के, हप्ता साधारण २४ हजार आणि नुसतं व्याजच ५ लाखांच्या वर. पण हा कागद भांडणात पुढे करू नका, त्यांना तुमची ऐपत नाही एवढंच ऐकू येईल आणि दुसऱ्या दिवशी बुकिंग करून येतील. वाटेचं बोला. वॅगनआर (२०१९ पासूनचं मॉडेल) १६२० मिलीमीटर रुंद, क्रेटा १७९०, म्हणजे १७ सेंटीमीटर जास्त, आरसे वेगळे. दोघं मिळून टेप लावा. नवी गाडी देवळाकडे ठेवून घरी चालत यायचं असेल तर त्यांचं तेच ठरवतील. आणि वाटही पुरली, हप्ताही झेपला, तर घेऊ द्या की, हौसेला मोल नसतं.

प्रश्न: बाबांची १९९८ ची मारुती ८०० अंगणात ताडपत्रीखाली गंजतेय, विकू देत नाहीत. काय करू? (फोंडा)

उत्तर: विकायचा विषय आधी बंद करा. ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात, शेवटची बनली जानेवारी २०१४ मध्ये, आणि मधल्या काळात कितीतरी घरं कदंबा बसच्या लाइनीतून सुटली ती हिच्यामुळेच, बाबा ते विसरणार नाहीत. तुम्ही कागद बघा. आरसी १५ वर्षांनी रिन्यू करायची, मग दर ५ वर्षांनी, म्हणजे तुमची २०२३ ला व्हायला हवी होती. झाली नसेल तर ओळखीच्या मेकॅनिकला घरी बोलवा आणि तळाचा पत्रा बाबांसमोरच तपासून घ्या. कुजलाय हे त्यालाच सांगू दे, तुम्ही सांगितलंत तर बाबांना वाटेल गिऱ्हाईक आधीच बघून ठेवलंय.