वाचक विचारतात : परदेशी गेलेल्या मुली आणि मद्य

प्रश्न : मी बडोद्यात समाजकार्य शिकते. अमेरिकेत स्थलांतर केलेल्या लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) तरुणी तिथल्या संस्कृतीशी जसजशा जुळवून घेतात तसतसं त्यांचं पिणं वाढतं, असं वाचलं. इथून गेलेल्या मराठी मुलींची अशीच पाहणी करायची आहे. तिथली प्रश्नावली भाषांतर करून वापरू का?
— एक विद्यार्थिनी, रावपुरा

उत्तर : जशीच्या तशी नको. आधी मूळ निष्कर्ष नीट बघा. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत पिणं हा परंपरेनं पुरुषांचा प्रांत. बाईनं घर सांभाळावं, सोसावं, चारचौघांत ग्लास धरू नये, अशी अपेक्षा. त्यामुळे तिथून आलेल्या पहिल्या पिढीतल्या बऱ्याच बायका पीतच नाहीत. अमेरिकेत नातेवाइकांचा पहारा सैल होतो आणि तिथेच जन्मलेल्या मुलींमध्ये पिणं जास्त दिसतं. पुरुषांमध्ये हा संबंध इतका ठळक नाही, कारण त्यांना मायदेशीही फारशी आडकाठी नव्हती.

पण मोकळीक हे एकच कारण नव्हे. एकटेपणा, कागदपत्रांची धास्ती, वर्णावरून मिळणारी वागणूक, घरच्यांपासून तुटणं यांचाही ताण असतो. काही जणी नव्या मैत्रिणींत मिसळण्यासाठी पितात, काही झोप लागावी म्हणून. ही कारणं वेगवेगळी विचारली नाहीत, तर तुमची पाहणी ‘बाहेरचं वारं लागलं’ एवढंच सांगेल, आणि तो मुलींवर अन्याय होईल.

जुळवून घेणं मोजण्यासाठी १९८७ सालची बारा प्रश्नांची एक पट्टी सर्रास वापरतात. पाच प्रश्न भाषेचे (स्पॅनिश की इंग्रजी), तीन टीव्ही-रेडिओचे, चार संगतीचे. प्रत्येकाला १ ते ५ गुण, सरासरी २.९९ च्या वर गेली की ती व्यक्ती अमेरिकी वळणाची धरतात. आता बडोद्यातली मुलगी घ्या : घरी मराठी, बाजारात गुजराती, शाळा इंग्रजी माध्यमाची, मोबाइलवर इंग्रजी मालिका. मराठी-इंग्रजीची हीच पट्टी लावली तर विमानात बसण्याआधीच ती निम्मी अमेरिकी ठरेल! तेव्हा भाषेचे प्रश्न कमी करा. ती कोणाबरोबर राहते, गणपती-दिवाळी कोणाबरोबर करते, अडचणीत पहिला फोन कोणाला लावते, हे विचारा.

मद्यासाठी ‘ऑडिट-सी’ ही पिण्याची जोखीम तपासणारी छोटी प्रश्नावली घ्या. किती वेळा, एरवी किती, आणि एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक कितीदा, असे तीनच प्रश्न. एकूण गुण १२; स्त्रीचे ३ किंवा जास्त आले तर पुढे सविस्तर बोलायला हवं. यात घोळ होतो तो मापाचा. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल : ५ टक्क्यांची बिअर ३५५ मिली, १२ टक्क्यांची वाइन साधारण १५० मिली, किंवा ४० टक्क्यांची टकीला (मेक्सिकोची दारू) ४४ मिली. आपल्याकडचा ६० मिलीचा मोठा पेग ४२.८ टक्क्यांचा असेल तर त्यात सुमारे २० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दीड ड्रिंक. घरी केलेल्या मार्गारिटात (टकीला-लिंबाच्या कॉकटेलमध्ये) तर बाटली थेट मोठ्या ग्लासात ओततात. लिंबू, साखर आणि बर्फाखाली दोन-तीन ड्रिंक सहज दडतात आणि मुलगी मात्र ‘एकच घेतलं’ असं प्रामाणिकपणे लिहिते. म्हणून ग्लासांची चित्रं दाखवून विचारा.

दुसरी अडचण काळाची. प्रश्न गेल्या वर्षभराबद्दल असतात. चार महिन्यांपूर्वी गेलेल्या मुलीच्या उत्तरात आठ महिने बडोद्याचे येतात. त्यापेक्षा कॅलेंडर समोर ठेवून, परीक्षा आणि सणांच्या खुणा करत, तिथले शेवटचे ९० दिवस भरून घ्या. जाण्याआधीचे दिवस वेगळे विचारा, पण जपून. गुजरातेत १९६० पासून राज्यभर दारूबंदी आहे. ‘इथे पीत होतीस का’ याचं ‘हो’ म्हणजे गुन्ह्याची कबुली. फॉर्मवर नाव नको, नुसता क्रमांक. आई शेजारी बसलेली असताना व्हिडिओ कॉलवर विचारू नका. विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी पहिल्या प्रश्नाआधी हवी.

प्रश्न : मुलगी २३ वर्षांची, टेक्सासला शिकायला निघाली आहे. बरोबर राहणाऱ्या दोघी कोलंबियाच्या, शनिवारी पितात म्हणे. काय सांगून पाठवू?
— एक आई, दांडिया बाजार

उत्तर : ताई, शपथ घालू नका. शपथ मोडली की मुली घरचा फोन टाळतात, आणि अडचणीच्या रात्री तोच फोन हवा असतो. ‘काहीही झालं तरी आधी मला सांग, रागावणार नाही’ असं म्हणा आणि ते पाळा.

नको असेल तर सोड्यात लिंबू पिळून ग्लास हातात ठेवावा. भरल्या हाताला सहसा कोणी आग्रह करत नाही. घ्यायचंच ठरवलं तर आधी जेवावं, उपासाच्या दिवशी मुळीच नको. तासाला एकापेक्षा जास्त ड्रिंक नको. सारख्याच वजनाच्या पुरुषापेक्षा बाईच्या शरीरात पाणी कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच मद्यानं तिला जास्त चढते. दोन तासांत चार ड्रिंक हे तिच्यासाठी धोक्याचं प्रमाण. पिऊन गाडी तर नकोच. पकडलं गेलं तर व्हिसाही रद्द होऊ शकतो.

तिघींपैकी कोणी उठवूनही उठत नसेल, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. तोवर तिला कुशीवर वळवावं, एकटं सोडू नये. कॉफी आणि गार पाण्याची अंघोळ यांनी काही उतरत नाही.