नावाला सल्लागार, पण मत मोजावं लागतं

प्रश्न : व्हॉइस ऑफ अमेरिका ही प्रसारण संस्था अमेरिकी सरकारच्या पैशावर चालते. मग २०२५ मध्ये तिच्या संचालकांना काढताना कोर्टाने सरकारला का अडवलं? तिच्यावरचं मंडळ तर नुसतं ‘सल्लागार’ आहे ना?
— पत्रकारितेची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : नावावर जाऊ नका. अमेरिकी कायदेसंहितेच्या २२व्या शीर्षकातलं कलम ६२०५ काढून वाचा. या आंतरराष्ट्रीय प्रसारण सल्लागार मंडळात सात जागा आहेत. सहा जणांना राष्ट्राध्यक्ष नेमतात, त्यावर सिनेटची मोहोर लागते आणि एका पक्षाचे तिघांपेक्षा जास्त चालत नाहीत. सातवे परराष्ट्रमंत्री, पदसिद्ध. एरवी मंडळाचं काम सल्ल्याचंच. पण व्हॉइस ऑफ अमेरिका, रेडिओ फ्री युरोप, रेडिओ फ्री एशिया अशा प्रसारकांचा प्रमुख नेमायचा किंवा काढायचा तर मंडळाचं बहुमत हवं. गणपूर्ती, म्हणजे निर्णयासाठी लागणारी किमान हजेरी, चार सदस्यांची, आणि त्या चारांत परराष्ट्रमंत्री धरायचे नाहीत.

हे शेवटचं वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा, सगळी मेख तिथे आहे. जानेवारी २०२५ मध्ये सहाही सदस्यांना घरी पाठवलं गेलं. उरले फक्त परराष्ट्रमंत्री, म्हणजे गणपूर्तीच्या हिशेबात शून्य. मग व्हॉइस ऑफ अमेरिकाचे संचालक मायकेल अब्रामोविट्झ यांना आधी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला हलवायचा आणि नंतर काढायचाच घाट घातला गेला. २८ ऑगस्टला न्यायाधीश रॉयस लॅम्बर्थ यांनी तो रोखला : मंडळाचं मत नाही, तर बडतर्फीही नाही. मंडळ रिकामं केल्याने अडचण सरकारचीच झाली. जुना प्रमुख काढता येईना आणि नवा कायदेशीरपणे नेमताही येईना.

ही अट आली कुठून? १९९४ च्या कायद्यात या प्रसारकांचं नऊ जणांचं मंडळच मालक होतं. नऊ अर्धवेळ मालक म्हटल्यावर कारभार रखडणारच. म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये सगळे अधिकार या प्रसारकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या एकाच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे गेले. जून २०२० मध्ये त्या खुर्चीत मायकेल पॅक आले आणि काही दिवसांतच त्यांनी अनेक प्रसारकांचे प्रमुख काढले. त्यावर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १ जानेवारी २०२१ रोजी, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडीत काढून, बहुमताची अट घातली. दोन्ही दुरुस्त्या संरक्षण खर्चाच्या कायद्यांत आहेत. प्रसारणाच्या कायद्यांत शोधत बसलात तर दिवस जाईल.

मात्र हे संरक्षण फक्त प्रमुखाच्या खुर्चीला आहे. मार्च २०२५ मध्ये हजाराहून जास्त कर्मचारी सक्तीच्या रजेवर गेले, तेव्हा हे कलम त्यांच्या काही कामाचं नव्हतं. बातमीत ढवळाढवळ नको, हे सांगणारं कलम वेगळं : ६२०४.

प्रश्न : बीबीसी मराठीवरही असंच मंडळ असतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. बीबीसी चालते राजसनदेवर, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेने दिलेल्या अधिकारपत्रावर. सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे. कारभार १४ जणांच्या मंडळाकडे. वर्ल्ड सर्व्हिसची, म्हणजे बीबीसीच्या परदेशांसाठीच्या सेवेची, उद्दिष्टं आणि भाषा मात्र ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांशी सहमतीने ठरतात. २ ऑक्टोबर २०१७ ला मराठी सेवा सुरू झाली, तीही परराष्ट्र खात्याकडून आलेल्या विस्तार निधीतून. कोणत्या भाषेत बोलायचं यात मंत्र्यांचा शब्द चालतो. काय बोलायचं, ते बीबीसी ठरवते.