इंदूरच्या उन्हाळ्यात लॉन पूर्ण पिवळं पडलंय. माळी म्हणतो उखडून मेक्सिकन गवत लावा. काय करावं?

मे महिन्यात तर मुळीच उखडू नका. तुमचं लॉन साध्या दूबचं आहे, म्हणजे आपण गणपतीला वाहतो ती हरळी. वरून वाळली म्हणून ती मेली असं होत नाही. पाणी तुटलं की ती पानं सोडते आणि जीव मातीतल्या कांड्यांत राखून ठेवते. खुरप्याने वीतभर तुकडा काढा, माती झटका, कांडीच्या पेराला नख लावा. आत पांढरट आणि टणक लागलं तर गवत जिवंत आहे; तपकिरी पडून चुरा होत असेल तर तेवढा भाग गेला. चार-पाच ठिकाणी बघा. भिंतीलगत आणि फरशीच्या कडेला माती जास्त तापते, तिथलं आधी जातं.

रोज संध्याकाळी पाइपने शिंपडणं थांबवा. त्याने वरची इंचभर माती ओली होते, मुळं तेवढ्यातच राहतात आणि दुसऱ्या दुपारी भाजून निघतात. पाऊस येईपर्यंत हिरवळीचा आग्रह सोडा, गवत फक्त जगवायचं आहे. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, पहाटे, दर चौरस मीटरला १० ते १२ लिटर पाणी त्याला पुरतं. पण आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत ते द्यायचं कसं, हे महत्त्वाचं. उन्हात ती भेगाळते, पहिलं पाणी भेगांतून सरळ खाली जातं. मग माती फुगते आणि उरलेलं वरून वाहून जातं. म्हणून आधी भेगांत वाळू आणि चाळलेलं शेणखत भरा. पाणी निम्मं-निम्मं करून द्या, मध्ये अर्धा तास जाऊ द्या.

इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, घाट चढवून आणावं लागतं. ते रोज गवतावर ओतणं मला पटत नाही. एसीचं पाणी खुशाल वापरा. कपडे धुतलेलं मात्र नको, त्यातल्या सोडियमने काळी माती आणखी आवळते. बोअरचं पाणी जड असेल तर आरओतून वाया जाणारंही रोज एकाच जागी टाकू नका, क्षार साठतात.

आत्ता युरिया नको, कापणी नको, लॉनवर खुर्च्या आणि मुलांचं क्रिकेटही नको. वाळलेल्या कांड्या पायाखाली मोडतात आणि मग पावसातही तिथे टक्कल राहतं.

मेक्सिकनबद्दल माझं स्पष्ट मत: दिसतं सुंदर, पण एकदा करपलं की भरून यायला फार वेळ घेतं. पाण्याची टंचाई असलेल्या घराला हरळीच बरी.

जूनच्या उत्तरार्धात दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की खरं काम सुरू करा. दाताळ्याने मेलेला काडीकचरा ओढून काढा, बागकामाच्या काट्याने (फोर्कने) जमिनीला भोकं पाडा. नवे कोंब दिसल्यावरच दर चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया, तोही पानं कोरडी असताना, आणि लगेच वरून पाणी. रिकाम्या जागी हरळीच्या मुळ्या असलेल्या कांड्या चार-चार इंचांवर रोवा. पहिली कापणी उंच ठेवा, दीड-दोन इंच.

या दिवसांत मोथा, म्हणजे लव्हाळ्याचं तण, लॉनच्या गवताआधी उगवतो. तो दिसला की ओल्या मातीतूनच खालच्या गाठीसकट काढा. नुसती पानं तोडलीत तर तो आठवड्याभरात परत फुटेल.