वाचकांचे प्रश्न : एमबीएच्या जोडीला दुसरी पदवी

प्रश्न : एमबीबीएस झाल्यावर मी प्राथमिक आरोग्य केंद्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा केली आणि त्यानंतर नाशिकच्या एका धर्मादाय रुग्णालयात रुजू झाले. अलीकडे माझा निम्मा वेळ रुग्ण तपासण्यात आणि निम्मा प्रशासनात जातो. व्यवस्थापनाचे रीतसर शिक्षण घ्यावे, असे प्रकर्षाने वाटते. अमेरिकेत एमबीए आणि एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी, एकत्र करता येतात व त्यात वर्षभराची बचत होते, असे कळले. शिकून परत यायचे आणि इथेच काम करायचे, हे मनाशी ठरले आहे. घरचे कर्ज काढायला तयार आहेत. दोन पदव्यांनी खरोखर फरक पडतो का? कर्ज फिटेपर्यंत तिकडे डॉक्टर म्हणून काम करता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर पुढचा सगळा हिशेब अवलंबून आहे. या दोन्ही पदव्या मिळाल्या तरी अमेरिकेत रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही. त्यासाठी यूएसएमएलई ही परवाना परीक्षा, परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र आणि नंतर काही वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील प्रशिक्षण, हा वेगळाच मार्ग आहे. तिथे एमडी (ही तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी) आणि एमबीए यांची पाच वर्षांची जोड पुष्कळ विद्यापीठांत असते. पण ती त्या देशातील वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी असते, आपल्याकडून एमबीबीएस होऊन गेलेल्यांसाठी नव्हे. त्यामुळे डॉक्टरकीच्या पगारातून कर्ज फेडण्याचा विचार सुरुवातीलाच बाजूला ठेवावा.

आता वर्षभराच्या बचतीविषयी. दोन्ही विभागांचे सक्तीचे विषय पूर्ण करावेच लागतात. मात्र एका विभागात घेतलेले काही विषय दुसरा विभाग आपले ऐच्छिक विषय म्हणून मान्य करतो आणि तेवढी श्रेयांके (क्रेडिट) दोन्हीकडे धरली जातात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ही जोड अडीच वर्षांची आहे, तर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ती सुमारे दोन वर्षांत बसवलेली आहे. कायदा आणि एमबीए यांच्या जोडीतही असेच होते : हार्वर्डमध्ये चार वर्षे लागतात आणि नॉर्थवेस्टर्नमध्ये तीन. कागदावर ही बचत खरी आहे. परंतु दोन्ही पदव्या आपण एरवीही घेणारच असाल, तरच तिला बचत म्हणता येईल. ज्याला एकच पदवी हवी होती, त्याच्या दृष्टीने हा वाढीव खर्च आहे, आणि तो डॉलरमध्ये आहे.

म्हणून, दुसरी पदवी हवी का, हे विद्यापीठाच्या माहितीपत्रकावरून ठरवू नये. आपल्या टेबलावर रोज येणाऱ्या प्रश्नांवरून ठरवावे. धर्मादाय रुग्णालयातील एकच उदाहरण घेऊ. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. अतिदक्षता विभागातील दोन-चार दीर्घ मुक्कामांनी हा निधी आटला, तर पुढच्या गरीब रुग्णाचा खर्च कुठून भागवायचा, कोणत्या शस्त्रक्रियेचा खरा खर्च किती येतो, जनआरोग्य योजनेचे दावे त्रुटी काढून परत येतात तेव्हा नेमकी चूक कोणत्या टेबलावर होते, हे सारे व्यवस्थापनाचे प्रश्न आहेत. ते सोडवण्याची साधने एमबीएच्या पहिल्या वर्षातच हाती येतात. पण पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील बाळंतीण रक्त कमी असताना इतक्या उशिरा का पोचते, त्याच पाड्यांवरून न्यूमोनियाची बाळे दर पावसाळ्यात का येतात, आणि त्यावरचा उपाय रुग्णालयाच्या आत करायचा की बाहेर, हे प्रश्न नफा-तोटा पत्रकात कधीच दिसत नाहीत. त्यांना रोगपरिस्थितिविज्ञान, म्हणजे समाजात रोग कसे व का पसरतात याचा अभ्यास, आणि संख्याशास्त्र लागते, आणि ते एमपीएच शिकवते.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४ साली जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच केले आणि पुढे गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारली. नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याविषयीचा त्यांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांचा मुख्य प्रश्न संशोधनाचा होता, म्हणून ती एक पदवी पुरली. आपण दोन आठवडे रोज संध्याकाळी त्या दिवशी अडलेले प्रश्न वहीत लिहून काढावेत आणि त्यांतले कोणते हिशेबाचे, कोणते माणसांच्या व्यवस्थेचे आणि कोणते समाजाच्या आरोग्याचे, हे पाहावे. एकच रकाना भरत गेला, तर एकच पदवी घ्यावी. दोन्ही बाजू भरल्या, तर या जोडीचा विचार खुशाल करावा. आपल्या पत्रावरून दुसरी शक्यता मला अधिक वाटते.

माहितीपत्रकात जिच्यावर एखादी ओळच असते, अशी एक गोष्ट आहे ती उन्हाळ्याची. एमबीएच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात एखाद्या संस्थेत काम मिळते आणि बरेचदा तिथूनच पुढची नोकरी पक्की होते. एमपीएचलाही प्रत्यक्ष क्षेत्रातील कामाची अट असते आणि ती अभ्यासक्रमाला मान्यता देण्याच्या निकषांतूनच आलेली आहे. अडीच-तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात दोन उन्हाळे मिळतात आणि दोन्ही कामे नीट होतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकच उन्हाळा असतो. त्यात दोन्ही बसवताना एका बाजूला हात आखडता घ्यावा लागतो. म्हणून सर्वांत कमी काळाचा अभ्यासक्रम सर्वांत चांगला, असे मी म्हणणार नाही.

प्रवेश बहुतेक ठिकाणी दोन्ही विभागांत स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. सार्वजनिक आरोग्याच्या बहुतेक विद्यालयांचे अर्ज सोफास या सामायिक व्यवस्थेतून भरतात, तर एमबीएचे अर्ज थेट त्या विद्यालयाकडे जातात आणि त्यांच्या पहिल्या दोन फेऱ्या साधारण सप्टेंबर व जानेवारीत असतात. एकीकडे होकार आणि दुसरीकडे नकार, असे होऊ शकते. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षात असताना दुसऱ्या विभागासाठी पुन्हा अर्ज करता येतो. दोन्ही निबंधांत कामाचे तेच दोन-तीन प्रसंग असावेत, मात्र प्रत्येक विभागाला त्यातला आपला भाग दिसला पाहिजे. नुसते नेतृत्व करायचे आहे, असे लिहिणाऱ्यांची तिथे रीघ असते.

शिक्षणानंतर तिकडे काम करण्याबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर आपल्या विषयात काम करण्याच्या परवानगीचे, म्हणजे ओपीटीचे, १२ महिने प्रत्येक शैक्षणिक स्तराला एकदा मिळतात. एमबीए आणि एमपीएच या दोन्ही एकाच स्तरावरच्या पदव्या असल्याने त्यांचे मिळून १२च महिने होतात, २४ नव्हे. पुढची २४ महिन्यांची मुदतवाढ पदवीची नोंद एसटीईएम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतील शाखेखाली झाली असेल तरच मिळते. अनेक एमबीए अभ्यासक्रमांची नोंद आता तशी आहे, साध्या एमपीएचची सहसा नसते. विद्यापीठाला या नोंदीचा सांकेतिक क्रमांक लेखी विचारून घ्यावा.

राहिला कर्जाचा प्रश्न, आणि इथे मला स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्याला परत यायचे आहे. धर्मादाय रुग्णालयाच्या पगारात डॉलरमधले पूर्ण कर्ज फिटणार नाही. मग हप्त्यांपायी तिकडे राहणे भाग पडते किंवा परत येऊन भरपूर पगार देणारे कॉर्पोरेट रुग्णालय गाठावे लागते, आणि ज्या प्रश्नांसाठी आपण शिकायला निघालात ते तसेच राहतात. म्हणून शिकवणी शुल्काचा मोठा वाटा शिष्यवृत्तीतून सुटत असेल तरच ही जोड स्वीकारावी, घर गहाण ठेवून नको. शिष्यवृत्ती जमली नाही, तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासन आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्ही विषयांचे शिक्षण फार पूर्वीपासून दिले जाते. तिथली एक पदवी घ्यावी आणि दुसऱ्या बाजूचे ज्ञान नोकरी सांभाळून मिळवावे. आपल्या कामाच्या दृष्टीने तो कमीपणाचा मार्ग मुळीच नाही.

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापुरात तीन वर्षांच्या एलएलबीला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन पदव्यांना एकाच वेळी परवानगी दिली आहे, म्हणून त्याला सकाळी कायदा आणि दुपारी एमबीए करायचे आहे. हे चालेल का?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : आयोगाने एप्रिल २०२२मध्ये दिलेली परवानगी खरी आहे. तासांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील, तर दोन नियमित अभ्यासक्रम, किंवा एक नियमित आणि एक दूरस्थ अथवा ऑनलाइन अभ्यासक्रम एकाच वेळी करता येतो. मात्र कायद्याच्या पदवीला भारतीय विधिज्ञ परिषदेचे (बार कौन्सिलचे) २००८चे नियमही लागू आहेत. एकाच संस्थेच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा अपवाद सोडला, तर कायद्याच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या नियमित पदवीसाठी नाव नोंदवण्यास त्यांतील सहावा नियम मनाई करतो. विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमाला तो सूट देतो. शिवाय कायद्याच्या प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. मुलाने दुपारच्या एमबीएला प्रवेश घेतला, तर पुढे वकिलीची सनद घेताना अडचण येऊ शकते. मान्यताप्राप्त विद्यापीठाचे दूरस्थ एमबीए त्याने आता करावे, किंवा एलएलबी पूर्ण करून एमबीएची सीईटी द्यावी. कंपनी कायदा आणि करविषयक कामात रस असेल, तर मी दुसरा पर्याय सुचवेन, कारण एक-दोन वर्षे वकिलाच्या कार्यालयात काढून आलेल्या विद्यार्थ्याला एमबीएच्या वर्गात ताळेबंद वाचताना त्यामागचे व्यवहार दिसू लागतात.