कूलंट सारखं भरावं लागतंय? आधी जॉबकार्ड वाचा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. कराडहून गुहागरला जाताना गाडी शांत, परतताना कुंभार्ली घाट चढायला लागलं की तापमानाचा काटा लालाकडे, आणि वर कोयनानगरला सपाटी लागली की पुन्हा जागेवर. सर्व्हिस सेंटर दर वेळी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरून 'सगळं ओके आहे सर' म्हणतं, नाक्यावरचा गॅरेजवाला म्हणतो थर्मोस्टॅटच (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप) काढून टाकू. गणपतीला गाडी न्यावी का, हा तुमचा प्रश्न. आहे त्या अवस्थेत नेऊ नका. जाताना घाट उतारच आहे, इंजिनावर जोर नाही, त्यामुळे काहीच कळणार नाही. कळेल ते परतीला, घाटाच्या पायथ्याची पोफळी सोडल्यावर, घरची मंडळी आणि सामान गाडीत असताना.

(मी मेकॅनिक नाही, साधी पेट्रोल हॅचबॅक चालवणारा माणूस आहे. टर्बो डिझेलवाल्यांनी हे जसंच्या तसं लावू नये.)

गाडी तापली की बाजूला घ्या, गरम असताना रेडिएटरचं टोपण उघडू नका, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मुद्दा वेगळा आहे. कूलंट काही पेट्रोलसारखं जळून संपायची वस्तू नाही. बंद यंत्रणेत ते फिरत राहतं. वर्षा-दोन वर्षांत पातळी बोटभर खाली गेली तर समजू शकतो, पण दर थोड्या दिवसांनी बाटली रिकामी होत असेल तर ते कुठेतरी जातंय. एक तर बाहेर गळतंय, नाहीतर इंजिनाच्या हेडखालच्या गॅस्केटमधून (सांधा बंद ठेवणारा पातळ थर) सिलिंडरमध्ये शिरतंय. कुठे जातंय ते न शोधता वरून भरून देणं म्हणजे काम नव्हे.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं, आणि सगळ्यात महाग पडलं ते एक वाक्य. मी काउंटरवर सांगितलं होतं, 'घाटात गाडी तापते, कूलंट कमी होतं, का ते शोधा.' सल्लागार साहेबांनी जॉबकार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, टाइप केलं, 'कूलंट टॉप-अप करणे.' पुढच्या वेळीही तेच. स्कॅनर लावला, एरर कोड नाही, म्हणजे दोष नाही. अहो, कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपातून थेंब गळतोय हे स्कॅनरला कुठून कळणार? त्याला सेन्सर जे सांगतील तेवढंच दिसतं. शेवटी हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं, गॅस्केट उडालं, आणि वाढीव वॉरंटीचा दावा केला तेव्हा उत्तर काय, तर 'आमच्या रेकॉर्डला ओव्हरहीटिंगची तक्रारच नाही, तुम्ही गाडी गरम असताना चालवली.' त्यांच्याच जॉबकार्डांचे कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवले. तक्रार खरोखरच नव्हती. टॉप-अप होतं, त्याचे पैसे होते, जीएसटी होता. वरच्या ऑफिसला मेल केले, तर प्रत्येक मेलला 'आपल्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध आहोत' एवढंच उत्तर. दोन-अडीच हजारांच्या पंपापायी ३५-४० हजारांचं काम झालं.

म्हणून जॉबकार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या : 'चढावर तापमान वाढते, कूलंट कमी होते, कारण शोधणे.' आता सहीऐवजी मोबाइलवर ओटीपी मागतात. वाचल्याशिवाय तो देऊ नका. 'सर, सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही' म्हणाले तर तोच मजकूर तिथेच उभं राहून मेल करा.

गळती शेवटी सापडली एका साध्या गॅरेजात. त्या काकांनी थंड गाडीच्या रेडिएटरवर टोपणाच्या जागी हातपंप लावला, साधारण १ बारचा दाब दिला आणि चहा प्यायला गेले. परत येईपर्यंत हातपंपावरचा दाबाचा काटा उतरला होता. टॉर्च लावून बघितलं, तर वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापासून इंजिनावर गुलाबीसर पांढरी खपली धरलेली. तिथून गळायचं ते गाडी गरम असताना, दाबाखाली, आणि तापलेल्या इंजिनावर लगेच वाळून जायचं. त्यामुळे पार्किंगमध्ये खाली कधी डाग पडलाच नाही. गॅरेजवाले याला 'वॉटर बॉडी' म्हणतात, तोच हा पंप. तुम्हीही सकाळी गाडी थंड असताना टॉर्च मारून बघा.

काकांनी केली तीच प्रेशर टेस्ट, ती नावानिशी मागा. तिच्यात काही निघालं नाही तर ब्लॉक टेस्ट करा : रेडिएटरच्या तोंडाशी निळं द्रव धरतात, कूलंटमध्ये एक्झॉस्टचा गॅस येत असेल तर ते पिवळं पडतं. तसं झालं तर गॅस्केट गेलं. ऑइलच्या टोपणाखाली कॉफीसारखा फेस, बाटलीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, ही लक्षणंही त्याचीच. गाडी सिग्नलला उभी असताना तापत असती आणि हायवेला नीट चालत असती, तर मी आधी फॅन, रिले बघायला सांगितलं असतं. तुमची चढावर तापते, त्यामुळे कमी कूलंट, पंप, चोक झालेला रेडिएटर या क्रमाने जा.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आपल्याकडचा लाडका उपाय आहे आणि मला तो अजिबात पटत नाही. इंजिन हवं तितकं तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, नव्या गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो. काही इंजिनांत तर बायपासचा रस्ता उघडा राहतो आणि पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं, म्हणजे तापायचं ते तापतंच. अडकत असेल तर नवा टाका, काही हजारांची वस्तू नाही ती. आणि 'आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला, बोअरचं पाणी चालतं' म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. गंज आणि क्षार रोखणं हेही कूलंटचंच काम आहे.

तरीही घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल, काचा खाली. घरचे शिव्या देतील, देऊ द्यात. वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नका, खालचा टाका म्हणजे पंप जोरात फिरतो. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर मात्र पुढच्या वळणाची वाट न बघता सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. आणखी एक, हे फार कुणी सांगत नाही : वर गेलेला काटा चढावरच एकदम खाली आला आणि हीटर गार हवा फेकायला लागला तर हुश्श करू नका. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला असेल.

रेडिएटरचं टोपणही बदलून टाका, स्वस्त असतं. रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. नवं घेताना जुन्यावर छापलेला आकडा बघा, ०.९ किंवा १.१ (बार, म्हणजे दाब) असं काहीतरी असेल, तेवढ्याचंच घ्या. प्रेशर टेस्टमध्ये काय निघालं ते इथे टाका, जमलं तर पंपाखालचा फोटोही.