चष्म्याचा नंबर माहीत असेल तर कॉन्टॅक्ट लेन्ससाठी वेगळं फिटिंग करायची खरंच गरज आहे का?

हो, आहे. तुम्ही लिहिलंय की नंबर मायनस सहा आहे, थोडा सिलिंडर (म्हणजे एका ठराविक दिशेतला नंबर) पण आहे, नंबरचा कागद हातात आहे तर तोच टाकून ऑनलाईन लेन्स मागवल्या तर काय बिघडतं, आणि शिवाय डॉक्टर डोळ्याला हात लावतील याचीच धास्ती वाटते. मी बरीच वर्षं लेन्स वापरतेय, घरातल्या दोघातिघांना पहिल्या फिटिंगला सोबत म्हणून पण गेलेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा नंबर एकच नसतो. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते आणि लेन्स थेट बुबुळावर बसते. चारच्या आतल्या नंबरला या अंतराने फारसा फरक पडत नाही, पण तुमच्यासारख्या मायनस सहाला लेन्सचा नंबर साडेपाचच्या आसपास येतो. कागदावरचा सहा तसाच टाकलात तर दिसेल सगळं, पण नंबर जास्त झालेला असेल आणि डोळा दिवसभर त्याच्याशी झगडत बसेल, संध्याकाळी डोकं दुखायला लागलं की मग लोक म्हणतात मला लेन्स सूट होत नाहीत. प्लस नंबरवाल्यांचं बरोबर उलटं, त्यांचा लेन्सचा नंबर चष्म्यापेक्षा वाढतो. सिलिंडर अगदी कमी असेल तर डॉक्टर कधीकधी तो मुख्य नंबरात थोडा मिसळून साधी लेन्स देतात, पण पाऊण किंवा त्याच्या वर असेल तर बहुतेक वेळा टोरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबर असलेली, लेन्स लागते आणि ती डोळ्यात गोल फिरून चालत नाही, ठरलेल्या कोनातच उभी राहावी लागते. त्यासाठी तिच्यावर बारीक खुणा असतात आणि डॉक्टर मशीनमधून त्या खुणा कुठे थांबल्यात ते बघून अॅक्सिस, म्हणजे सिलिंडरचा कोन, बदलून देतात. हे घरबसल्या कसं कळणार?

आता मापाचं. लेन्सच्या बॉक्सवर नंबरशिवाय अजून दोन आकडे असतात, बीसी म्हणजे बेस कर्व्ह आणि डीआयए म्हणजे व्यास. सॉफ्ट लेन्समध्ये बेस कर्व्ह साधारण ८.४, ८.६ असा असतो आणि व्यास १४ मिलिमीटरच्या आसपास. बेस कर्व्हचा आकडा जितका लहान तितकी लेन्सची गोलाई जास्त. तुमच्या बुबुळाची गोलाई केराटोमीटर नावाच्या मशीनवर मोजतात, हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडे बघायचं, झालं. पण नुसत्या मापावरही भागत नाही कारण ८.६ ची एका कंपनीची लेन्स आणि ८.६ चीच दुसऱ्या कंपनीची लेन्स एकाच डोळ्यात वेगवेगळी बसू शकते, मटेरियल मऊ की कडक, कडा कशी केलीय यावर ते ठरतं. म्हणून ट्रायल लेन्स घालून बघण्याला पर्याय नाही.

आणि याच ट्रायलबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण लोकांना वाटतं घातली, टोचत नाही, स्वच्छ दिसतंय, म्हणजे फिट बसली. तसं नाही हो. घट्ट लेन्स सुरुवातीला उलट जास्त आरामदायी वाटते! ती हलतच नाही ना, मग पापणीला जाणवणार काय. पण तिच्याखालचे अश्रू बदलले जात नाहीत, घाण अडकून राहते आणि काही तासांनी डोळा लाल व्हायला लागतो, काढल्यावर पांढऱ्या भागावर लेन्सच्या कडेचा वळ दिसतो. सैल लेन्सचं वेगळं, ती प्रत्येक उघडझापीला घसरते, क्षणभर धूसर मग स्वच्छ मग परत धूसर. बरोबर बसलेली लेन्स पापणी मिटून उघडली की अगदी किंचित, अर्ध्या मिलिमीटरच्या आत, वर सरकते आणि परत जागेवर येते. हे तुम्हाला आरशात दिसणार नाही, स्लिट लॅम्प या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनमधूनच दिसतं. त्यासाठी ट्रायल घातल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाहेर बसवतात म्हणजे पाणी यायचं थांबतं, लेन्स स्थिरावते, मग तपासतात. डॉक्टर खालच्या पापणीवरून बोटाने लेन्स हलकेच वर ढकलतात आणि किती सहज खाली येते ते बघतात, त्यानंतर लेन्स डोळ्यात असतानाच वरून काचा लावून नंबर पुन्हा पक्का करतात. कोणी तुम्हाला लेन्स घातल्या घातल्या दोन मिनिटांत "छान बसलीय" म्हणून पाठवत असेल तर तिथून घेऊ नका. मला एके ठिकाणी असंच पाठवत होते, मी थांबून तपासायला लावलं.

ट्रायलच्या आधी डोळा लेन्स घालण्याजोगा आहे का ते बघतात. अश्रू पुरेसे आहेत का, ते डोळ्यावर किती वेळ टिकतात हे बघायला केशरी रंगाची पट्टी डोळ्याच्या कोपऱ्याला टेकवून निळ्या उजेडात बघतात, दहा सेकंदांच्या आत अश्रूंचा थर तुटायला लागला तर डोळे कोरडे आहेत असं धरतात. वरची पापणी उलटून आत बारीक पुरळ आहे का तेही बघतात, ते जरा विचित्र वाटतं पण दुखत नाही. अॅलर्जी, डायबेटिस, थायरॉइड, सर्दीच्या किंवा पिंपल्सच्या गोळ्या चालू असतील तर न विचारता सांगून टाका, काही औषधांनी डोळे कोरडे पडतात. दिवसभर स्क्रीनसमोर असता का हेही सांगा, स्क्रीन बघताना आपण पापण्या कमी मिटतो.

दुखायचं म्हणाल तर सॉफ्ट लेन्सला दुखत नाही. पहिल्यांदा कोणीतरी बोट डोळ्याजवळ आणतंय म्हणून पापणी आपोआप मिटते, दोनचार वेळा फसतं, थोडं पाणी येतं, मग विसरायला होतं. सेमी-सॉफ्ट किंवा आरजीपी, म्हणजे कडक पण ऑक्सिजन आरपार जाऊ देणाऱ्या, लेन्स मात्र जाणवतात, त्यांची सवय व्हायला दिवस जातात, पण केराटोकोनससारख्या त्रासात बुबुळाचा आकारच वेडावाकडा झालेला असतो तेव्हा त्यांनीच खरं स्वच्छ दिसतं. आणि लेन्स डोळ्याच्या मागे जाईल ही भीती काढून टाका, ते शक्यच नाही, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा वळून पापणीच्या आतल्या बाजूला जोडलेली असते, मागे जायला वाटच नाही. फार तर वरच्या पापणीखाली सरकते.

घालायला आणि काढायला तिथेच शिकवतात. साबणाने हात धुवायचे, नीट कोरडे करायचे, लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने बघायची, कडा वाटीसारख्या सरळ वर असतील तर बरोबर, बाहेर फाकल्या असतील तर ती उलटी आहे. काढताना वर बघायचं, लेन्स बोटाने खाली पांढऱ्या भागावर ओढायची आणि चिमटीत धरायची. घालण्यापेक्षा काढणं लोकांना अवघड जातं, तेव्हा स्वतःच्या हाताने काढता येईपर्यंत लेन्स घरी नेऊ नका, कितीही वेळ लागू दे, शिकवणाऱ्यांना याची सवय असते.

प्रकार कोणता हे विचारलं तर नवीन माणसाला मी डेली डिस्पोजेबलच सांगेन, रोज नवीन, सोल्युशन नको डबी नको. मंथली घेतलीत तर उघडल्यापासून एक महिना, तीस वेळा वापर नव्हे. सोल्युशन रोज नवीन ओतायचं, जुन्यात भर घालायची नाही, डबी तीन महिन्यांनी बदलायची.

पाण्याचं मात्र फार मनावर घ्या. नळाचं, फिल्टरचं, उकळलेलं, कुठलंच पाणी लेन्सला लागता कामा नये, लेन्स घालून अंघोळ नको, पोहणं नको. पाण्यात अकँथामीबा नावाचा सूक्ष्मजीव असतो, तो लेन्सच्या मागे बुबुळावर बसला तर जे इन्फेक्शन होतं ते महिनोन्महिने चालतं आणि नजरही जाऊ शकते. झोपताना काढायच्या कारण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात, त्याला ऑक्सिजन मुख्यतः थेट हवेतून मिळतो आणि डोळा मिटला की तो आधीच कमी झालेला असतो. सिलिकॉन हायड्रोजेल नावाच्या मटेरियलच्या लेन्समधून ऑक्सिजन बराच जास्त जातो, तरी रात्री घालून झोपायची मुभा डॉक्टरांनी स्वतः दिल्याशिवाय घ्यायची नाही.

नंबर नसलेल्या, फक्त रंगाच्या लेन्स घेणाऱ्यांनाही हे सगळं तसंच लागू आहे, फॅशनची वस्तू असली तरी बसते बुबुळावरच.

सुरुवातीला काही तासच घालून रोज थोडं थोडं वाढवायला सांगतात आणि आठवडा-दोन आठवड्यांनी परत बोलावतात. त्या दिवशी लेन्स निदान तीनचार तास आधी घालून जा, कारण डॉक्टरांना वापरातला डोळा बघायचा असतो, आणि चष्मा सोबत ठेवा. मधेच कधी डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसायला लागलं तर लेन्स लगेच काढा, परत घालून बघू नका, फेकूनही देऊ नका, लेन्स आणि डबी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, इन्फेक्शन असेल तर कशाचं आहे ते त्यांना त्यावरून तपासता येतं.